खुशालमामांचा खांब

अमरावतीच्या कचेरीत भगवंत कारकून होता. त्याचं काम आकडे उतरवण्याचं. एका कागदावरचे आकडे उचलून दुसऱ्या कागदावर नेऊन ठेवायचे; ते काय सांगतात हे विचारणं त्याच्या पगारात बसत नव्हतं. साऱ्या वऱ्हाडातला कापूस अशा रीतीनं वर्षानुवर्षं त्याच्या टाकाखालून गेला होता आणि एक बोंडही त्याच्या नजरेस पडलं नव्हतं.

अशात हेडक्लार्क वामनराव नागपुराहून नवी विद्या शिकून आले. त्यांनी तेच आकडे एका भल्या मोठ्या कागदावर खांबांच्या रूपात मांडले आणि तो कागद भिंतीवर टांगला. एका सालाला एक खांब. भगवंत जेवणाचा डबा घेऊन समोरून चालला होता, तो जागीच थबकला. पावसानं दगा दिला ते साल मान खाली घालून बसलेलं. पुढच्या साली कापूस उसळून वर आलेला. ज्या सालात त्याचे वडील वारले, तो खांबही तिथंच उभा होता, आजूबाजूच्यांपेक्षा जरा ठेंगणा. भगवंताच्या अंगावर काटा आला. त्यानं हात जोडले (डबा काखेत मारून).

"वामनराव, हे तं सारं दिसून राह्यलं हो!"

"दिसावं म्हणूनच काढलं," वामनराव म्हणाले, आणि ऐकणारा मिळाला म्हणून खुलले. खांब शून्यापासून सुरू करावा, नाही तर एवढ्याशा फरकाचा डोंगर दिसतो. वर नाव लिहावं, नाही तर पाहणारा आपल्या मनानं नाव ठेवतो. नक्षी काढू नये आणि रंग उधळू नयेत. भगवंत मान हलवत होता. शब्द कानापर्यंत पोचत होते, पण आत शिरायला जागा नव्हती. आत सगळीकडे खांबच उभे होते.

तसाच तो घरी आला, आणि घरी खुशालमामा होते.

खुशालराव हे भगवंताच्या आईचे, पार्बताबाईंचे, थोरले भाऊ. अकोल्याहून पोळ्याला म्हणून आले. पोळा झाला, दिवाळी झाली, थंडी पडली, तरी त्यांचं धोतर याच दोरीवर वाळत होतं. माणूस गोड, पण ताटावर बसला की चुलीची दमछाक व्हायची.

"मामाजीले आतातरी सांगा," सत्यवती नवऱ्याला म्हणाली. "भाकरी थापू थापू मनगटं गेले माये. नाई तं मी मायेरी चालली."

"माया भावाले कोनी जा म्हनलं," आतून पार्बताबाईंचा आवाज आला, "तं मीबी त्याच्यासंगं जाईन."

बायको जाणार की आई, एवढंच ठरायचं राहिलं होतं. तेव्हा भगवंताच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तोंडानं बोलायचंच कशाला? भिंत बोलेल!

आठवडाभर त्यानं जेवताना सगळ्यांच्या भाकरी मनात मोजल्या. रविवारी मामा गावात फिरायला गेले, तसा तो गेरू, हळद आणि निळीची वाटी घेऊन ओसरीतल्या पांढऱ्याशुभ्र भिंतीपुढं उभा राहिला. पहिली अडचण लगेच आली. मामांचा खांब आढ्याच्याही वर जाऊ लागला. भगवंतानं विचार केला, आपण खातो तेवढं तर कोणीही खातोच. त्याच्या वरचं तेवढं दाखवावं. त्यामुळे त्याचा स्वतःचा खांब नाहीसा झाला. सत्यवती त्याच्याहून कमी खायची, तिचाही गेला. आईचा उरला बोटभर. मामांचा मात्र थेट आढ्याला टेकला.

मग वर नाव लिहायला घेतलं, 'कोण किती', आणि तो तिथंच अडला. सख्ख्या मामाच्या डोक्यावर 'भाकरी खातो' असं कसं लिहावं? त्यानं ते पुसून टाकलं आणि खाली फक्त प्रत्येकाचं नाव ठेवलं. वरचा भाग बोडका वाटू लागला, म्हणून मामांच्या पिवळ्याधमक खांबावर आंब्याच्या पानांचं तोरण काढलं. तोरणाशेजारी दोन पोपट काढले. (त्याचा हात एकदा चालू लागला की त्याचंही ऐकत नसे.)

सत्यवती पदराला हात पुसत बाहेर आली. तिला शाळेत अक्षरओळखीपुरतं शिकवलं होतं. तिनं बोट ठेवून एकेक नाव वाचलं.

"आन् माया खांब कुठी हाये?"

"तुया निंगाला नाई."

"सारा जीव चुलीपुढं जाते माया, अन् माया खांब निंगाला नाई?"

"अवं, तसं नाई ते—"

तेवढ्यात मामा दारात. जोडा काढता काढता त्यांची नजर भिंतीवर गेली, आणि एक जोडा पायातच राहिला. ते भिंतीजवळ गेले. पिवळ्या खांबावरून खालपासून वरपर्यंत नजर नेताना त्यांचा फेटा मागं घसरला.

"भगवंता, हे मी?"

"हो," भगवंत पुटपुटला. आता फुटणार, असं त्याला वाटलं.

फुटलं, पण वेगळंच. मामांचे डोळे भरून आले होते. "तुयी मामी गेल्यापासून मले घरात कोनी इचारत नाई रे. पोरं म्हनते, बुढा बसला हाये कोपऱ्यात. अन् तू... तोरन बांधलं मले!" त्यांनी भिंतीला हात लावून तो कपाळाला लावला. "पार्बते! इकडं ये! घरात कोनाचा मान किती, ते लेकानं काढलं पाय!"

पार्बताबाई आल्या. त्यांनी भावाचा खांब पाहिला, मग आपला. "नऊ महिने पोटात ठुला याले, अन् मी बोटभर?"

"अन् सोताले पाय," मामा गहिवरून म्हणाले. "सोताले शून्य धरलं. याले म्हनते संस्कार!"

भाकरी हा शब्द भगवंताच्या ओठांवर आला होता. पण म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडं पाहून त्यानं तो गिळला. थोड्या हळदीनं आणि गेरूनं माणसाच्या छातीत एवढं काही हलवता येतं, याचं त्याला भय वाटलं. मामांनी सारी गल्ली बोलावून आणली. लोक आले, तोंडं उघडी ठेवून उभे राहिले. पाहणाऱ्या प्रत्येकाला सगळं एका नजरेत समजत होतं, आणि जे समजत होतं त्यातलं काहीच खरं नव्हतं.

त्या रात्री मामांना अर्धी भाकरही गेली नाही. "पोट भरलं," म्हणाले. सकाळी त्यांनी आपणहून वळकटी बांधली. "आता जातो. पोराईले सांगतो, माया मान अमरावतीत केवढा हाये ते."

टांगा वळला तशी सत्यवती नवऱ्याकडं नव्यानंच पाहू लागली. आईचं बोलणं बंद होतं, पण भगवंत तरंगतच कचेरीत गेला.

"वामनराव, चित्रानं काम केलं! पाहुना गेला!"

"वर नाव काय दिलं होतं?"

"नावच नाई दिलं. म्हनून तं जमलं!"

वामनरावांनी उठून आपल्या भिंतीवरच्या कागदाचं नाव पुन्हा एकदा वाचलं.

पुढच्या आठवड्यात संध्याकाळी घरापुढं पुन्हा टांगा थांबला. दुर्गाबाई मावशी उतरल्या. मागून त्यांचे यजमान नत्थुजी, दोन गाद्या, एक ट्रंक आणि लोणच्याची बरणी उतरली.

"खुशालदादा साऱ्या अकोल्यात सांगत हिंडून राह्यला," मावशी म्हणाल्या. ओसरीत येऊन त्यांनी भिंत डोळे भरून पाहिली, पिवळ्या खांबापुढं नकळत हात जोडले आणि त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "आमचे दोघाईचे इथं काढजो. किती दिवस राह्यलं म्हनजे एवढा उंच होते रे?"

सत्यवती आत गेली. पिठानं भरलेली परात घेऊन बाहेर आली आणि ती भगवंताच्या हातात दिली.

"घ्या," ती म्हणाली. "लय चांगला हात हाये तुमचा."