शिवऱ्याचं ऊन

लोक म्हशी चारायला नेतात, शेरडं चारायला नेतात. आमचे शेजारी रघुनाथअण्णा बॅटऱ्या चारायला नेतात, आणि त्याही एसटीने.

चेष्टा करत नाही. आषाढात आमच्या भोरला आठ-आठ दिवस सूर्याचं तोंड दिसत नाही. तेव्हा हा एकाहत्तर वर्षांचा माणूस पिशवीत सोलरच्या बॅटऱ्या, म्हणजे हातातले टॉर्च, भरतो, डेपोवर जाऊन पुण्याची गाडी पकडतो आणि हायवेला शिवऱ्याला उतरतो. का, तर म्हणे, "हितं ढग हायती भाऊसाहेब. शिवऱ्याला उघडीप असती." दिवसभर त्या बॅटऱ्यांना ऊन खायला घालायचं आणि संध्याकाळच्या गाडीने घरी. त्यांच्या पाठीवर काळी काचेची पट्टी असते. ती उन्हात धरली की आत वीज भरते, असा एकूण कारभार. पिन खुपसायला भोक नाही, सेल घालायला जागा नाही. ऊन मिळालं तर दिवा, नाहीतर ठोकळा.

आता गंमत ऐका. हा माणूस जन्मभर वायरमन होता! तीस वर्षं वेल्ह्याच्या डोंगरात खांबांवर चढून ह्याने लोकांच्या घरात लाईट नेली, आणि निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ह्याचा तारेवरचा विश्वास उडाला. "तार कवाबी तुटती. सूर्य तुटतोय का?" हे वाक्य मी किमान हजार वेळा ऐकलंय. जिन्यात ऐकलंय, भाजीच्या गाड्यापाशी ऐकलंय, एकदा दाढी करताना न्हाव्याच्या खुर्चीत ऐकलंय. तिथून तर उठून जायचीही सोय नव्हती.

आमची गच्ची सामाईक. वैशाखात बायको तिथे कुरडया घालायची. एका सकाळी ती तणतणत खाली आली. अण्णा तिला म्हणाले होते, "वैनी, तुमचा पाट सरकवा. सावली पडतीया माझ्या बॅटरीवर." कुरडयांची सावली! मी भांडायला वर गेलो तर अण्णा टॉवेल डोक्याला बांधून उकिडवे बसलेले आणि पुढे बॅटऱ्यांची रांग. दर अर्ध्या तासाला उठून एकेकीचं तोंड सूर्याकडे फिरवायचं, पाठीवरची धूळ फडक्याने पुसायची. एवढी निगा मी माझ्या आयुष्यात स्वतःची घेतलेली नाही.

"कशाला हे सगळं, अण्णा?"

"इमर्जन्शी!" अण्णा बोट वर करून म्हणाले. "तयारी पायजे!"

हे 'तयारी पायजे' म्हणजे त्यांचं ब्रीद. नवी बॅटरी आणली की आधी पाण्याच्या बादलीत बुडवायची, मग गच्चीवरून अंगणात टाकायची. जगली तर ती घरात राहणार. एकदा टाकलेली बॅटरी माझ्या स्कूटरच्या सीटवर पडली. सीट फाटली, बॅटरी जगली, आणि अण्णांना कोण आनंद! माफी मागायचं नावच नाही. उलट मलाच उचलून दाखवतात, "बघा, ओरखडा तरी हाय का?"

भाटघरच्या पाण्याकाठी शनिवार-रविवारी पुण्याची पोरं तंबू ठोकतात. अण्णा दिवस कलला की तिथे हजर. प्रत्येक तंबूत डोकावून विचारणार, "बॅटरी कोन्ती हाय? दाखवा." पोरांना वाटायचं, कुठल्यातरी खात्याचा साहेब तपासणीला आलाय. बिचारी घाबरून ओळखपत्रं काढायची! एका पोराने मोबाईलचा उजेड दाखवला, तर त्याला पाऊण तास उभा करून ऐकवलं. मोबाईल पाण्यात पडला तर? चार्जिंग संपलं तर? साप निघाला तर फोन लावनार का उजेड पाडनार? शेवटी पोरांनी चहा पाजून त्यांना वाटेला लावलं.

बरं, लग्नाला जावं तर आहेरात सोलरची बॅटरी. बारशाला जावं तर पाळण्याला सोलरची बॅटरी. समोरच्या गल्लीत एक म्हातारे वारले, तिथे सांत्वनाला आम्ही दोघे गेलो. मी आपला मान खाली घालून बसलोय. अण्णांनी त्यांच्या मुलाला विचारलं, "घटका भरली तवा लाईट व्हती का?" मी त्यांच्या मांडीला चिमटा काढला. त्यांनी तो चिमटा माझ्याकडे बघून परत काढला.

आणि एवढं सगळं करून उजेड किती? मागच्या आषाढात आमच्या गल्लीची लाईट संध्याकाळी गेली. आता अण्णांचा दिवस, म्हणून सगळे बिऱ्हाडकरू जिन्यात जमले. अण्णांनी ऐटीत एक बॅटरी काढली, बटण दाबलं. मिणमिण झालं आणि गेलं. दुसरी काढली, गेली. पाच काढल्या, पाची मेलेल्या. ऊनच नव्हतं ना आठवडाभर! म्हणजे उन्हाळ्यात, जेव्हा कुणाला गरज नाही तेव्हा ह्या बॅटऱ्या टम्म भरलेल्या, आणि पावसाळ्यात लाईट जाते तेव्हा ह्या उपाशी. सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. त्याची मला तेव्हा लाज वाटली नाही. त्यानंतरच ह्यांच्या शिवऱ्याच्या फेऱ्या सुरू झाल्या.

यंदा पाऊस लागला आणि अण्णांच्या मुलाचा, सचिनचा, पुण्याहून मला फोन आला. आई जाऊन चार वर्षं झाली, बाबा एकटे. तो म्हणाला, "काका, बाबा रोज एसटीने कुठंतरी जातात म्हणे, पिशवीभर बॅटऱ्या घेऊन. डोक्यावर परिणाम झालाय का त्यांच्या? तुम्ही एकदा सोबत जाऊन बघा आणि मला सांगा. तसं असेल तर मी रविवारी येतो, घराला कुलूप लावतो आणि त्यांना इकडं घेऊन येतो. त्यांनी कितीही नको म्हटलं तरी."

मी म्हटलं, परिणाम झालाय का काय विचारतोस, झालेलाच आहे. तरी बघून सांगतो. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. गच्ची मोकळी होईल, स्कूटर सुरक्षित राहील, अजून काय पाहिजे?

दुसऱ्या दिवशी मी अण्णांना म्हणालो, "मीही येतो. बघू तरी तुमचं शिवरं." अण्णांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि म्हणाले, "चला की."

गाडीत खिडकीची जागा पिशवीला मिळाली. मी कडेला. कंडक्टरने पिशवीकडे बघून विचारलं, "आज किती, अण्णा?" अण्णा म्हणाले, "सात." ह्या माणसाच्या नादाला एसटीचे लोकही लागले होते. नसरापूर मागे पडलं आणि ढग खरंच फाटले. शिवऱ्याला उतरलो तर चक्क ऊन! मला त्या उन्हाचाही राग आला.

पंक्चरवाल्याच्या टपरीबाहेर एक बाज होती. अण्णांनी तिच्यावर धोतराचं पान अंथरलं आणि बॅटऱ्या मांडल्या. तेव्हा मी पहिल्यांदा जवळून बघितलं. प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली होती. भागाबाई. कोंडाबाई, गोठ्याशेजारी. सखूबाई, वरचं घर.

"ह्या कोण?"

"वाडी हाय एक, वेल्ह्याच्या वर," अण्णा म्हणाले. "सात घरं. सगळ्या म्हाताऱ्या. पोरं पुन्याला. पावसात झाड पडलं की तार तुटती, आन् मग धा-पंधरा दिस अंधार. नवा वायरमन चांगला हाय, पर एकटा किती डोंगर चढल? म्हनून गेल्याच्या आदल्या दिवाळीला म्या सगळ्यांला सोलर दिली. मोठ्या ऐटीत दिली. म्हनलं, आता तारेची गरज न्हाई."

"मग?"

"मग काय! तिथं मिरगापास्नं दसऱ्यापातूर ऊनच पडत न्हाई, भाऊसाहेब." अण्णा बॅटऱ्या पुसत खाली बघून बोलत होते. "तीस वर्सं त्या वाटंनं चढलो. नजर कायम तारंवर. वर आभाळ कसं हाय ते कधी बघितलंच न्हाई. अंधारात ठेवलं की हो म्या त्यांला. घासलेटच्या चिमण्या व्हत्या, त्याबी टाकून दिल्यात्या, अण्णानं सांगितलं म्हनून."

मी सखूबाईची चिठ्ठी सरळ केली. हसायला काही सुचेना.

दुपारी वेल्ह्याहून पुण्याला जाणारी गाडी आली. ड्रायव्हरने खिडकीतून एक पिशवी खाली दिली. वाडीवरून परत आलेल्या सात बॅटऱ्या. ह्या अण्णा घरी नेऊन उद्या इथे भरणार, आणि आज भरलेल्या सात हीच गाडी संध्याकाळी परतताना घेऊन जाणार, असा फेरा. अण्णांनी पिशवीतली एकेक काढून बटण दाबलं. पहिली लख्ख लागली. दुसरीही. सातही लागल्या.

"भरलेल्याच आहेत की!" मी म्हणालो.

"तेच तर!" अण्णा एकदम चिडले. डोळे मात्र भरून आले होते. "लावतच न्हाईत रांडच्या! जपून ठेवत्यात. अंधारात चाचपडत्याल, चुलीच्या जाळावर जेवत्याल, पर बॅटरी लावायची न्हाई. का, तर अण्णाला लांब ऊन द्यायला जावं लागतं म्हनं. किती निरोप धाडलं, लावा गं, लावा. आयकत न्हाईत." त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. "पयले खांबावरनं उतरलो की ह्याच बाया दारात उभ्या असायच्या. कुनी ताक द्यायची, कुनी भाकर. वायरमन आला म्हनून वाट बघायच्या माझी. आता माझी वाट बघनारं दुसरं कोन हाय, सांगा बरं. सचिनच्यात बटन दाबलं की लागतंय."

मी टपरीवरून दोन चहा आणले. अण्णांनी एक घोट घेतला आणि शांतपणे म्हणाले, "मला ठावं हाय तुमी का आला ते. सचिनचा फोन आला आसंल. खरं काय ते सांगा त्याला, माझं काय म्हननं न्हाई. फकस्त दसऱ्यापातूर थांब म्हनावं. वाडीवर ऊन पडलं की म्या माझ्या पायानं गाडीत बसतो. मग नेऊ दे कुठं न्यायचं ते."

एवढं मागणं, तेही असं चोरट्यासारखं, माझ्यासारख्या माणसाजवळ! मला माझी इतकी शरम वाटली की मी चहा तसाच ठेवून उठलो आणि रस्त्याच्या कडेला जाऊन सचिनला फोन लावला.

"बघितलंत का, काका? काय म्हणता, येऊ का रविवारी?"

"तुझ्या बापाचं डोकं आपल्या दोघांपेक्षा ठिकाणावर आहे," मी म्हणालो. "रविवारी ये, पण न्यायला नको. सकाळच्या गाडीने माझ्याबरोबर शिवऱ्याला चल आणि बघ." जे पाहिलं ते सगळं त्याला सांगितलं, सातही चिठ्ठ्यांसकट. तो हळू आवाजात म्हणाला, "बरं, काका. ऊन पडेपर्यंत राहू दे. पण कधी पडेल वाडीवर ऊन?"

सगळी नोकरी मी कचेरीत काढली. लोकांची कामं पुढे ढकलण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. टपरीपाशी अण्णा वाकून कोंडाबाईचं तोंड सूर्याकडे फिरवत होते.

"यंदाचं काही सांगता येत नाही," मी दसऱ्याचं नाव न काढता म्हणालो, आणि फोन ठेवला.