दामूअण्णांचा ॲम्प्लिफायर

दामूअण्णा शिरसाठांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला "बसा" म्हटलं आणि मी बसणार तेवढ्यात थांबवलं. सोफ्यावरचं कव्हर काढलं, त्याची नीट घडी घातली. खाली दुसरं कव्हर होतं. हे पाहुण्यांसाठी, असं सांगून मग मला बसू दिलं. सिडकोत इतकी वर्षं शेजारी राहिलो, पण त्या सोफ्याचा मूळ रंग मी पाहिलेला नाही.

त्यांच्या घरात प्रत्येक वस्तू कपडे घालून असायची. टीव्हीला झालर, फोनला टोपी, रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी आणि छत्री पावसात खराब होऊ नये म्हणून तिलाही खोळ. "वस्तूच्या अंगावर काहीतरी पाहिजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अण्णा मूळचे सिन्नरकडचे, सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. मी तिथंच हिशेब बघायचो. स्टोअरमधल्या नटबोल्टांच्या खोक्यांनाही त्यांनी कापडी झाकणं शिवून घेतली होती. साहेब हसले, पण झाकणं राहिली.

शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमारास त्यांची एकुलती एक मुलगी मनीषा गिटार शिकायला लागली. अण्णांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पोरीचं काही अडता कामा नये. एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रावाल्याकडून त्यांनी जुना ॲम्प्लिफायर आणला. वाजायला ठणठणीत, पण खोक्यावरचं काळं रेक्झिन एका अंगानं टराटरा फाटलेलं आणि आतलं लाकूड दिसणारं. असा उघडाबोडका पोरीपुढं ठेवायचा तरी कसा, या काळजीनं अण्णांचं जेवणात लक्ष लागेना.

ब्लाऊजपीस जुळवायला बायका साडी घेऊन जातात, तसा तो ॲम्प्लिफायर आम्ही स्कूटरवरून भद्रकालीत नेला. चालवायला अण्णा, मागं मी आणि माझ्या मांडीवर तो. सीटकव्हरच्या दुकानांत अण्णा डोळे मिटून रेक्झिनवर बोटं फिरवायचे आणि मान हलवून बाहेर पडायचे. शेवटी एकीकडं जुळलं. दुकानदारानं विचारलं, कोणत्या गाडीचं सीट आहे? अण्णा म्हणाले, मुलीच्या गिटारचं.

रविवारी काम झालं. फाटलेला भाग सरळ कापून काढला, नवा तुकडा बेतला, लाकडाला आणि तुकड्याला रबर सोल्यूशन लावलं आणि आतली हवा काढायला वहिनींचं लाटणं फिरवलं. जोड शोधून सापडत नव्हता. पुढं दोन दिवस त्या घरच्या पोळ्यांना सायकलच्या दुकानाचा वास येत होता आणि वहिनी अण्णांशी बोलत नव्हत्या.

एवढं सुंदर रेक्झिन बसवल्यावर अण्णांनी अर्थातच त्यावर कापडी कव्हर शिवलं. बटणांना खिडक्या ठेवल्या, स्पीकरला ठेवायची विसरले. मनीषा वाजवायला बसली की गोधडीतून कुणीतरी बोलतंय असं वाटायचं. अण्णा दाराशी स्टुलावर बसून ऐकायचे. झालं की म्हणायचे, "आज चांगलं झालं." वाईट झालं तरी हेच.

मग मनीषाला पुण्यात नोकरी लागली. ॲम्प्लिफायर तिनं नेला, कव्हर इथंच ठेवलं. आधी ती दर शनिवारी यायची, मग महिन्यातून एकदा, मग फक्त सणाला, तेही एका मुक्कामासाठी. अण्णांनी कधी तक्रार केली नाही. पण शनिवारी कारखाना सुटला की घरी न येता ते द्वारकेच्या चौकात जायचे आणि पुण्याकडून येणाऱ्या गाड्या बघत उभे राहायचे. पोर येणार नाही हे माहीत असतानाही जायचे. मी एकदा तिथं त्यांना पाहिलं आणि हाक न मारता पुढं गेलो. माझ्यानं बघवलं नाही.

अशाच एका दिवाळीत पाडव्याला ती आली, ती ॲम्प्लिफायर घेऊनच. खोली बदलताना टेम्पोतला खिळा लागून कोपऱ्यापासून रेक्झिन फाटलं होतं. उद्या दुपारी निघायचंय, तेवढं चिकटवून द्या, असं ती अण्णांना म्हणाली. आता कव्हर न नेल्याबद्दल पोरीची कानउघाडणी होणार, असं मला वाटलं. अण्णा खाली बसले आणि लोंबणाऱ्या पट्टीवरून हळूहळू हात फिरवत राहिले.

"चार दिवस तरी लागतील," ते म्हणाले. "सोल्यूशन वाळायला पाहिजे. यंदा थंडी लय हाय."

रबर सोल्यूशन दहा-पंधरा मिनिटांत वाळतं, हे पंक्चर काढलेल्या कुणालाही ठाऊक असतं. मनीषानं माझ्याकडं बघितलं. "काका, खरंच एवढा वेळ लागतो?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्याही माझ्याकडंच बघत होत्या.

"थंडीत लागतो," मी म्हणालो.

मनीषानं थोडा विचार केला आणि रजा वाढवायला पुण्याला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फराळाचं ताट द्यायला गेलो. आत मायलेकींच्या गप्पा रंगल्या होत्या. बाहेर अण्णा ॲम्प्लिफायरपुढं मांडी घालून बसले होते. रेक्झिनचा तुकडा कापून तयार होता, कडा घासून झाल्या होत्या, पण सोल्यूशनची डबी बंदच. मी हळूच म्हटलं, अण्णा, सुरुवात तरी करा, पोरीला संशय येईल.

अण्णांनी डबी उचलून माझ्या हाताला लागणार नाही अशी पलीकडं ठेवली.

"नको," ते म्हणाले. "झाकण काढलं की वाळायला लागतं."