साळवेकाकांच्या गाडीचं डावं चाक

बजाजनगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे साळवेकाका माणसाची विचारपूस करायच्या आधी त्याच्या गाडीच्या टायरवरून हात फिरवतात. पाहुणा मिठाईचा पुडा घेऊन उभा असतो आणि काका त्याच्या पुढच्या चाकाशी उकिडवे बसून, डोळे मिटून, तळव्यानं कड चाचपत असतात. मग गुडघ्यावर हात देऊन उठतात आणि म्हणतात, "आतली कड घासाय लागली तुमची. टायर बोलतोय, तुम्ही ऐकत नाय." माझ्या धाकट्या भावासाठी मुलीकडचे लोक पहिल्यांदा आले, तेव्हा काकांचं डोकं त्यांच्या जीपखाली होतं. सोयरीक मोडली नाही हे आमचं नशीब.

काका वाळूजच्या एका कारखान्यात मापं तपासायच्या खात्यात होते. केसाएवढा फरक दिसला की माल परत. रिटायर झाल्यावर परत पाठवायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी आम्हाला धरलं. गल्लीतला एकही स्कूटरवाला त्यांच्या तावडीतून सुटलेला नाही.

पण त्यांचा खरा जीव अडकला होता स्वतःच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकात. ती छोटी गाडी चालवते त्यांची एकुलती एक मुलगी प्रज्ञा. ती सोयगावच्या शाळेत शिक्षिका आहे. सोमवारी सकाळी जाते, आठवडाभर तिथं खोलीवर राहते आणि शनिवारी परत येते. काकू गेल्या तेव्हापासून घरात ही दोघंच, म्हणजे आठवड्यातले पाच दिवस काका एकटेच. नवा टायर टाकला की दोन महिन्यांत डाव्या चाकाची आतली कड गुळगुळीत व्हायची. चाकं एका रेषेत नसली की ती धावत नाहीत, फरपटतात आणि एकाच बाजूनं झिजतात, हे आता मलाही झोपेत सांगता येईल. काकांनी चार महिन्यांत तीनदा अलाइनमेंट करून घेतलं होतं.

तिसऱ्या वेळी मी सोबत होतो. गाडी रॅम्पवर चढली आणि काकांनी डिकीतून ज्वारीचं पोतं काढून ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं.

"हे काय काका?"

"गाडी प्रज्ञा चालवती. तिचं वजन एक्कावन. माझं चौऱ्याऐंशी. मी बसलो तर मापात फरक पडंल. पोतं बरोब्बर एक्कावनचं हाय, तोलून आणलंय."

दुकानदार रफीकभाई जुने ओळखीचे. त्यांनी शांतपणे विचारलं, "साब, पोते को पट्टा भी लगाऊं?"

"लावा," काका म्हणाले. गंमत केलेली त्यांना कळत नाही.

मशीनच्या पडद्यावर सगळे आकडे हिरवे झाले. "हौ साब, सब ग्रीन आरा," रफीकभाई म्हणाले. "इससे सीधा तो अपन भी नै चलते." दोन आठवड्यांनी शनिवारी गाडी दारात आली. काकांनी चाकाला हात लावला, तर आतली कड पुन्हा घासलेली.

त्यानंतर मी दात घासत असलो तरी काका जिन्यात उभे. "दीपक, अजिंठ्याच्या घाटात पोरीचा टायर फुटला तर रे?" मी दुकानाला निघालो की पुन्हा तेच. आधी मी हसायचो. मग औरंगपुऱ्यात गिऱ्हाइकाला वह्या मोजून देतानाही माझ्या डोळ्यासमोर घाट यायला लागला. काळजी ही अशी सर्दीसारखी लागते. एका रविवारी काका म्हणाले, "ठरवलंय मी. ह्या वेळी कळालं नाय तर पोरीला नोकरी सोडाय लावतो."

मी गार झालो. त्या शाळेसाठी प्रज्ञानं किती वर्षं अभ्यास केला होता, ते अख्ख्या बिल्डिंगनं पाहिलं होतं. आणि बापाचा शब्द तिनं मोडला नसता.

"तुझं दुकान उद्या बंद असतंय ना? जा तिच्यासंगं. कुठं आपटती, काय करती, समदं बघून ये."

असा मी चाकाचा हेर झालो. प्रज्ञा गाडी फार छान चालवते. खड्डा आला की हळू, गाय आली की त्याहून हळू. हर्सूल मागं पडलं आणि तिचा फोन वाजला. तिनं इंडिकेटर दिला आणि गाडीची डावी चाकं सिमेंटच्या रस्त्यावरून खाली उतरवली. धप्प! वीतभर तरी उतार होता. "हां बाबा, हर्सूल गेलं. हो, सरळ चाललीय." मग कडेला घासत पुन्हा वर. फुलंब्रीच्या पुढं धप्प. आळंदला धप्प. सोयगाव येईपर्यंत सात वेळा.

"अगं, थोडं पुढं जाऊन नीट जागा बघून थांबावं," मी म्हणालो.

"दहा रिंगांत उचलला नाही तर हेडमास्तरांना फोन जातो, दीपकदादा. आणि चालवताना बोललेलं त्यांना चालत नाही. मग असेन तिथं गाडी उतरवते." तिनं गिअर बदलला. "मला माहितेय टायर कशानं जातो. सांगू नका त्यांना. एकदा म्हटलं होतं, पोचल्यावर मीच फोन करते. तर त्या दिवशी दुपारपर्यंत उपाशी बसले. टायर काय, बदलता येतो."

मी एसटीनं परतलो तो खोटं बोलायचं ठरवूनच. पण काका दारातच म्हणाले, "नाय ना कळालं? मग सांगतो तिला, राजीनामा दे." माझ्या तोंडून सगळं निघून गेलं. काकांनी बोटांवर गावं मोजली. सात बोटं झाली. "म्हंजे मीच," ते म्हणाले आणि आत गेले. म्हाताऱ्या माणसावर हात उगारल्यासारखं मला वाटलं.

पुढच्या सोमवारी त्यांनी फोन केला नाही. मी चहा घेऊन वर गेलो, तर काका खुर्चीत, फोन समोर टेबलावर आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरलेले.

"हर्सूल गेलं असंल," ते म्हणाले. बऱ्याच वेळानं, "फुलंब्री." चहावर साय धरली. घाम पुसायलाही त्यांनी हात काढला नाही. मला ते बघवेना. करा काका, एकदा करा, असं मी म्हणणार तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा!" प्रज्ञाचा आवाज मला उभ्या जागी ऐकू आला. "बरं आहे ना तुम्हाला? काय झालं? फोन का नाही केला?"

"टायर... टायरसाठी गं. तू खाली उतरवू नको म्हणून."

पलीकडं मग ती रडत होती की हसत होती, कळेना.

"हर्सूलपासून तीनदा उतरवली, बाबा. म्हटलं, आता फोन वाजेल."