इंग्लंडची राई

बाबा नोकरी करतात त्या आखातातल्या हॉटेलात एका इंग्लिश एलची चव तपासायला त्रिसदस्यीय समिती नेमण्यात आली. एल म्हणजे बिअरची चुलत बहीण. नियम एकच होता: चाखणाऱ्याला दारूची सवय नसावी, म्हणजे मत निःपक्षपाती राहतं. त्यामुळे समितीत नेमके तिघे बसले. कोठार सांभाळणारे माझे बाबा, भिकाजी. किचनमधले दापोलीचे कासमचाचा. आणि ऑफिसातल्या वसुंधरा मॅडम, ज्या चहालासुद्धा व्यसन म्हणतात.

बाबा अध्यक्ष. अहवाल पसंत पडला तर बाबा सुपरवायझर. नाही पडला तर जूनमध्ये मी आणि आई चिपळूणला, आणि माझी दहावी मामाच्या माळ्यावर.

बाटली हॉटेलबाहेर नेता येत नाही आणि ड्यूटीवर चाखता येत नाही, म्हणून सभा अल् घुब्रातल्या आमच्या फ्लॅटवर भरली. बाटलीची गैरहजेरी नोंदवण्यात आली.

"चाखायची कोणी?" मॅडमनी विचारलं.

"माझी तौबा," कासमचाचा म्हणाले. "अध्यक्ष चाखतील."

"अध्यक्ष फक्त सही करतात," बाबा म्हणाले. "पूर्वा, इकडे ये गं!"

इंग्रजी वक्तृत्वात दुसरा नंबर आल्यापासून घरात माझं मत विचारलं जातं. (आधी मी फक्त पाणी आणून द्यायचे.) मी पेन उघडलं. "कसली एल आहे, बाबा?"

"राई एल."

फोनवर बाबांना तसंच ऐकू आलं होतं. शिवाय कोठारातल्या मोहरीच्या डब्यावर गेली अकरा वर्षं हेच नाव आहे.

"बिअरमध्ये मोहरी?"

"इंग्रज बटाटा नुसता उकडून खातात, बाय," कासमचाचा म्हणाले. "बिचारे कुठेतरी फोडणी घालणारच ना?"

हे पटण्यासारखं होतं. मी लिहिलं: 'पहिल्या घोटाला मोहरी तडतडते. मागोमाग कढीपत्त्याची हिरवी चाहूल. शेवटी हिंग, जिभेवर बराच वेळ रेंगाळणारा.'

"हिंग मला जरा जास्त वाटतोय," वसुंधरा मॅडम म्हणाल्या.

मी हिंग कमी केला. अहवाल एकमताने मंजूर झाला. आईने सगळ्यांना कोकम सरबत दिलं.

मॅनेजरसाहेबांनी अहवाल वाचला, डोळे मिटले आणि म्हणाले, "अगदी हेच मला जाणवलं होतं." त्यांनीही बाटली उघडली नव्हती. मेन्यू छापला गेला. गिऱ्हाइकं घोट घेऊन एकमेकांना कढीपत्ता दाखवू लागली.

आणि मग इंग्लंडहून एल बनवणाऱ्यांचं पत्र आलं. ते 'राय' आहे. गव्हासारखं एक धान्य. मोहरीचा काहीही संबंध नाही.

त्या संध्याकाळी आईने कपाटावरची मोठी बॅग खाली काढली. बाबा माझ्याकडे बघेनात, मी बाबांकडे. इंग्रजी तर माझंच होतं!

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. मॅनेजरसाहेबांनी कागद पुढे ओढला. "अहवालावर तीन सह्या आहेत. बाटलीवर किती?"

"एकही नाही, सर," बाबा म्हणाले.

"मग चूक कोणाची?"

"बाटलीची," कासमचाचा म्हणाले.

"खलास! विषय मिटला," साहेब म्हणाले. बाटली दुरुस्त करण्याचं ठरलं.

तेव्हापासून प्रत्येक ग्लासात कासमचाचा चमचाभर फोडणी सोडतात. तेल वर तरंगतं, त्याला मेन्यूत 'सोनेरी साय' म्हणतात. एका इंग्लिश पाहुण्याने तक्रार केली की आमच्या गावात ही अशी लागत नाही. त्याला अहवालाची प्रत देण्यात आली. पुढच्या आठवड्यात तोच पाहुणा म्हणाला, "आज हिंग कमी पडलाय."

बाबा सुपरवायझर झाले. बॅग पुन्हा कपाटावर गेली. माझी दहावी इथेच, निदाच्या शेजारच्या बाकावर. निदा माझी जिगरी मैत्रीण. तिने परवा विचारलं, "पण पूर्वा, ती खरंच लागते कशी?"

"मला काय माहीत? मी पंधरा वर्षांची आहे."

"मग कोणाला माहीत?"

मी खूप आठवून पाहिलं. नमुन्याची पहिली बाटली कोठारात अजून सीलबंद आहे. पण तुम्हाला मघाशी मोहरी तडतडल्याचा वास आला होता ना? कढीपत्ताही? छान. अहवालावर चौथ्या सहीची जागा रिकामीच आहे. नाव सुवाच्य अक्षरात लिहा.