धुतलेला रुपया

दिगांबरभाऊ भाकर काठाला धरून खायचे. नुसती भाकर नाही. पाण्याचा पेला, लग्नपत्रिका, एस.टी.चं तिकीट, सगळं दोन बोटांच्या चिमटीत, काठाला. नाण्याच्या तोंडाला बोट लावायचं नसतं, घामाचा डाग पडतो, हा त्यांचा नियम. तो पुढे सगळ्या जगाला लागू झाला. एकदा देवळात पेढाही तसाच धरायला गेले आणि तो निसटून पुजाऱ्याच्या पायावर पडला. "याले काठच नाई," भाऊ म्हणाले. "बनवनाऱ्याची चूक हाय."

कारंजाच्या बाहेरच्या अंगाला त्यांची भाजीची वाडी होती आणि तिला लागून माझं घर. वांगी, मेथी, दसऱ्या-दिवाळीला झेंडू. जुन्या नाण्यांचा नाद त्यांना कुठून लागला, कोण जाणे. पण नाण्यांना एक ते सत्तर असे गुण देतात हे आमच्याकडे पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं. मग ते गुण सगळ्यांनाच मिळू लागले. हॉटेलातला चहा चाळीस. नवा जावई बासष्ट, "पन काठ घासेल हाय." मी पंचावन्न. "तुमी बाजारात लय फिरले गुरुजी, पन अक्षरं अजून वाचता येतात."

"आणि सत्तर कोणाला?" मी विचारलं.

"कोनालेच नाई. सत्तर म्हनजे जन्मला अन् त्याले कोनी हातच नाई लावला. असं राहून तरी काय करता?"

त्यांच्याकडची नाणी बहुतेक झिजलेली. एकच रुपया खरा. राजाच्या छापाचा, चांदीचा, आजोबांनी मडक्यात ठेवलेला, बाजारात कधी न फिरलेला. राजाच्या दाढीचा केस न् केस दिसायचा. वर काळपट निळी झाक. "चौसष्ट," भाऊ आवाज खाली आणून सांगायचे. ती झाक म्हणजे नाण्याचं वय. घासली की नाणं चमकतं आणि किंमत चांदीच्या वजनावर येते. "धुतलं का मेलं."

दर लक्ष्मीपूजनाला यावरून भांडण ठरलेलं.

"काळी लक्ष्मी पुजता काहून?" सुशीलावहिनी म्हणायच्या. "एक डाव चिंच लावू द्या न."

"हात नको लावू त्याले."

"बायकोले एवढं जपलं असतं तं!"

त्या दिवाळीला वहिनी तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. भाऊ झेंडू घेऊन बाजारात गेलेले. "भाऊजी, तेवढं पूजेचं ताट मांडून द्या," वहिनींनी मला सांगितलं, रुपयाच्या डबीची जागा दाखवली आणि त्यांचा डोळा लागला. मी समई घासली, पळी घासली आणि त्याच हाताने, त्याच चिंचेने, रुपयाही घासला. "धुतलं का मेलं" हे उठताबसता ऐकलेला माणूस मी. रुपया लखलखला तेव्हा कुठे ते आठवलं; तसाच पुसून ताटात ठेवला.

संध्याकाळी भाऊ आले. दिवा लावला. वहिनींनी डोळे उघडले, ताटातला चमकता रुपया पाहिला आणि हसल्या. भाऊंनी आधी रुपया पाहिला, मग ते हसणं पाहिलं. आता ओरडतील म्हणून मी भिंतीला टेकून उभा. त्यांनी झेंडूचं एक फूल घेऊन ताटात ठेवलं. "झेंडू छान आहे यंदा," मी म्हणालो आणि घरी आलो.

संक्रांतीच्या आत वहिनी गेल्या.

उन्हाळ्यात भाऊंनी तो रुपया मोठ्या शहरात पाठवला. तिथे एक कंपनी नाणी तपासून, गुण देऊन, प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून देते. डबी परत आली, पण आकड्याची जागा रिकामी. धुतलेलं, एवढाच शेरा. टपरीवर बरेच दिवस तोच विषय.

"काय भाऊ, पोरगं नापास झालं म्हनते तुमचं!"

"कोनं धुतलं हो?"

"मीच धुतलं," भाऊ सांगायचे. "ध्यान नाई राह्यलं."

लोक हसले. मीही हसलो. भाऊ गेले तरी लोक अजून त्यांना 'धुतल्या रुपयाचे भाऊ' म्हणतात. स्वतःचं नाणं न कळलेला जाणकार, असा त्याचा अर्थ. ते खोटं आहे. रुपया मी धुतला, आणि भाऊंना नाणं शेवटपर्यंत कळत होतं. ते हयात असताना हे मला सांगता आलं नाही.

सांगायला गेलो होतो एकदा. ते ओसरीवर डबी घेऊन बसले होते.

"भाऊ, त्या रुपयाचं जरा..."

"नंबर येनार नाई हे मले ठाऊकच होतं, गुरुजी," ते म्हणाले. "नंबर कोनाले पाहिजे होता? मले ही डबी पाहिजे होती." त्यांनी ती उजेडात तिरपी केली. राजाच्या गालावर बारीक बारीक घासे दिसले. "तापात उठून घासला तिनं. जन्मभर नाईच म्हटलं मी तिले. आता याच्यावर दुसऱ्या कोनाचा हात नाई फिरनार. हे घासे असेच राहतीन."

मग काठ सोडून त्यांनी डबी अख्ख्या मुठीत धरली आणि छातीशी नेली. कुठलीही वस्तू त्यांनी अशी धरलेली मी तोवर पाहिली नव्हती.

ती तशीच धरून म्हणाले, "तुमी काय सांगून राह्यले होते?"

"काही नाही," मी म्हणालो. माझे दोन्ही हात मी सदऱ्याच्या खिशात घातले होते.