अमेरिका आणि उजवी बाही

संघदीपच्या लग्नाचा कोट उजव्या बाहीपाशी अडला, आणि अडला तो अमेरिकेमुळे.

लग्न रविवारी होतं. मंगळवारी सकाळी नवरदेव कारंज्यात तय्यबभाईंच्या शिलाईच्या दुकानात ट्रायलला उभा होता. कोट पांढराशुभ्र, डावी बाही लागलेली, उजवी अजून टेबलावर. तय्यबभाई ओठांत टाचण्या धरून खडूच्या रेघा मारत होते आणि बाकावर नवरदेवाचे वडील देवमनराव पेपर वाचत होते. देवमनराव म्हणजे एसटीचे निवृत्त कंडक्टर. सख्ख्या मेव्हण्याला विनातिकीट धरून दंडाची पावती फाडलेला माणूस! मेव्हणा पुढं सहा वर्षं यांचा उंबरा चढला नाही, पण यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. असा माणूस पेपर नुसता वाचत नाही, निकाल देतो.

"तय्यबभाई, अमेरिका गेली कामातून," देवमनरावांनी निकाल दिला.

"कोठी गेली?" टाचण्यांमधून उत्तर आलं.

"संपली. पह्यलासारखा दरारा राह्यला नाई. ज्याले दटावते, थोच उलटून बोलते."

"बोलनारे लय आले अन् गेले, देवमनभाऊ. अमेरिका तथीच हाय."

हा वाद काही आजचा नव्हे. गेली बावीस वर्षं रोज सकाळी अर्धा तास अमेरिका त्या बाकावर कोसळायची आणि शिवणयंत्रापाशी पुन्हा उठून बसायची. मग चहा यायचा आणि दोघं महागाईवर एकमत करायचे. पण लेकाच्या लग्नाचं वारं अंगात शिरलेलं, त्यात बाकावर ऐकायला सेवादास गुरुजी आणि दोन गिऱ्हाइकं. देवमनराव कशाला थांबतात!

"अवो, म्हातारी झाली थे! हात कापतात तिचे. सुईत दोरा जात नाई अन् म्हणते का साऱ्या जगाचं मीच शिवतो. आता घरी बसावं, दुसऱ्याच्या हाती देऊन टाकावं. लोकायचे कपडे कायले खराब कराचे?"

आता टेलरच्या दुकानात बसलेल्या माणसाला टेलरचीच उदाहरणं सुचणार. कटिंगला बसले असते तर वस्तऱ्याचं काहीतरी बोलले असते. पण तय्यबभाईंचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी एकेक टाचणी ओठांतून काढून डबीत ठेवली आणि नवरदेवाच्या अंगातून कोट असा ओढून काढला की संघदीप जागच्या जागी अर्धा फिरला.

"निघा दुकानातून."

"आँ? अवो, आपलं नेहमीचंच तं बोलनं हाय..."

"चार लोकांत म्हातारी म्हटलं तुमी तिले. चार लोकांतच वापस घ्या. 'अमेरिका धडधाकट हाय' असं म्हणा अन् कोट घेऊन जा. नाई तं कोट भेटनार नाई, अल्ला कसम!"

"जे खरं हाय थेच म्या म्हटलं! कायले वापस घेऊ?" देवमनरावही उठले. चहा तसाच राहिला.

"कोट कोठी हाय?" घरात पाय ठेवताच गंगूबाईंनी विचारलं.

"अमेरिकेपायी अडकला."

सगळं ऐकून गंगूबाईंनी कपाळावर हात मारला. "एक वाक्य तं बोलाचं हाय! बोलून टाका ना बाप्पा. अमेरिकेचं काय जाते अन् तुमचं काय जाते?"

"एकतीस वर्षं नोकरी केली, एक खोटं तिकीट फाडलं नाई. आता रिटायर होऊन खोटं बोलू?"

"मंग लेकाले बनियनवर उभं करा मांडवात!"

कोणी म्हणेल, त्यात काय, दुसरा कोट घ्यावा. घेऊन पाहिला की! संघदीप वाशीमला जिल्हा परिषदेत क्लार्क आहे, आणि उंची सहा फूट तीन इंच. रेडिमेडवाल्यानं दुकानातला सगळ्यात मोठा कोट चढवला, तर बाह्या कोपराच्या चार बोटं खाली संपल्या. "वर सरकवून घाला साहेब, फॅशन वाटन," दुकानदार म्हणाला. पण खरी मेख वेगळीच होती. कोटाचं कापड साक्षगंधात मुलीकडून आलेलं. नवरी स्नेहाचे वडील दौलतराव केनवडचे. त्यांनी तीन दुकानं पालथी घालून, बोटांनी चोळून चोळून ते कापड पसंत केलं होतं आणि निम्म्या केनवडला सांगितलं होतं. जावई दुसऱ्याच कोटात मांडवात आला असता, तर व्याह्याच्या तोंडात मारल्यासारखंच झालं असतं.

बुधवारी सेवादास गुरुजी मध्ये पडले. गुरुजी भूगोलाचे, निवृत्त, स्वभावानं गरीब. छत्री घेऊन ते देवमनरावांकडे आले.

"मधला रस्ता काढू. अमेरिका ढासळून राह्यली, पण हळूहळू. मंजूर?"

"हळूहळू म्हणजे कितीक वर्षं?"

"तुमीच सांगा."

"दहा. त्याच्यावर एक दिवस नाई."

गुरुजी दुकानात गेले. तय्यबभाईंनी साठ सांगितले. गुरुजी परत आले. देवमनराव पंधरावर चढले, तय्यबभाई पन्नासवर उतरले. भर उन्हात छत्रीखालून गुरुजींच्या आठ खेपा झाल्या आणि अमेरिकेचं उरलेलं आयुष्य तीस वर्षांवर ठरलं. दोघांनी माना डोलावल्या. इथं गुरुजींनी घरी जायला हवं होतं. पण मास्तर तो मास्तर, प्रश्न अर्धा सोडवून त्याला करमेना.

"मंग तिच्यानंतर कोण, थेबी आताच ठरवून टाकू," तय्यबभाईंपुढं ते म्हणाले. "माह्या मतानं चीन. देवमनभाऊ म्हणतात भारत. तुमचं काय?"

"कोणीच नाई!" तय्यबभाई कडाडले. "तिच्यामागं हाय कोण? दाखवा मले एक तरी! दाखवा!"

त्यांचे डोळे भरून आलेले पाहून गुरुजींनी छत्री मिटली आणि उन्हातच घर गाठलं. तीस वर्षांचा सौदा फिसकटला. वर चीनचं नाव काढलं म्हणून देवमनरावही गुरुजींवर फुगून बसले.

गुरुवारी केनवडहून फोन आला.

"जय भीम, इवाई! कोटाचा फोटो टाका ना मोबाईलवर. इथी सारे पाहाले बसले हायेत."

"जय भीम, जय भीम! कोट ना... कोट इस्त्रीले गेला." देवमनरावांना दरदरून घाम फुटला.

"मंग राहू द्या. उद्या मी येतोच दुपारून. कारंज्यात दोन पत्रिका द्याच्या राह्यल्या. डोयानंच पाहीन कोट."

फोन बंद झाला. गंगूबाई दारात उभ्या होत्या. "वा! अमेरिकेशी खोटं बोलवत नाई, अन् इवायाशी बोलवते!" एवढं बोलून त्यांनी चपला घातल्या आणि तरातरा बाहेर पडल्या. कुठं चाललीस, हे विचारायची देवमनरावांची हिंमत झाली नाही.

शुक्रवारी दुपारी देवमनरावांनी मनाचा हिय्या केला. जुम्याच्या नमाजाला तय्यबभाई दुकान ओढून मशिदीत जातात. दुकानाच्या मागंच त्यांचं घर, मागच्या बोळीत दार. तिथून शिरायचं, कोट आणि सुटी बाही उचलायची, कुठल्याही टेलरच्या पाया पडून जोडून घ्यायची. एकतीस वर्षं मागच्या दारानं उतरून पळणारे फुकटे पकडले आणि आता स्वतः मागच्या दाराला! शरमेनं त्यांचे कान तापले होते. आणि सवय अशी वाईट, की चोरी करायला आले तरी त्यांनी आधी कडी वाजवली.

कोणी ओ दिली नाही. आतून मात्र शिवणयंत्राचा खडखडाट येत होता. तय्यबभाई गेलेच नाहीत की काय? देवमनरावांनी पडदा बाजूला केला आणि तिथंच थिजले.

यंत्रावर तय्यबभाईंच्या पत्नी सरवरीभाभी बसल्या होत्या. सुईखाली पांढरा कोट होता. उजवी बाही खांद्याला लागत होती. शेजारी चटईवर साक्षात गंगूबाई बटणं निवडत बसल्या होत्या.

"तू इथी?"

"काल आली, तवा मलेबी कळलं," गंगूबाई म्हणाल्या. "तुमी दोघं अमेरिका पाहा. आमी कोट पाहून राह्यलो."

सरवरीभाभींनी पायपट्टी थांबवली. "दोन वर्षं झाले, भाऊ. त्याइचा हात कापते. डॉक्टर म्हणते, उमरीचं हाय. खडू-कात्री चालते आजून, पन सुई नाई धरवत. कापतात थे, अन् शिवतो मी. दुकानात लोकाइले दाखवाले यंत्र चालवतात थे, पन चिंधीवर."

"अन् जुनैद?"

"पोरगा नागपुरात मोबाईल दुरुस्त करते. त्याले नाई गोडी याची. कोणाले सांगू नका, भाऊ. बजारात मान हाय त्याइचा."

देवमनरावांच्या अंगातला शर्ट यंदाच्या जयंतीसाठी इथंच शिवलेला. 'असा हात जिल्ह्यात नाही' असं सांगत ते तो शर्ट घालून गावभर फिरले होते. आणि मंगळवारी काय बोलून बसले? हात कापतात, सुईत दोरा जात नाही, घरी बसावं! देवमनरावांना आपली जीभ हासडून टाकावीशी वाटली.

"घेऊन जा कोट," सरवरीभाभींनी दोरा तोडला. "त्याइले मी सांगीन काहीबाही."

"नाई भाभी. म्या समोरच्या दारानं नेईन."

अडीच वाजता तय्यबभाईंनी दुकान उघडलं. गुरुजी येऊन बसले, गिऱ्हाइकं आली. तेवढ्यात देवमनराव संघदीपला आणि स्टँडवरून आणलेल्या दौलतरावांना घेऊन पायरी चढले, आणि मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा कंडक्टरी आवाजात म्हणाले, "तय्यबभाई, अमेरिका धडधाकट हाय!"

गुरुजींची छत्री खाली पडली.

"कधीपासून?" तय्यबभाईंनी संशयानं विचारलं.

"पह्यलापासूनच. माह्याच डोयावर झापड होती. तीस नाई, शंभर वर्षं हालत नाई थे!"

इथं तय्यबभाईंनी खूश व्हायचं होतं. पण गिऱ्हाइकाला 'तुमचं पोट सुटलं' असं तोंडावर सांगणारा तो माणूस, खोटी तारीफ त्याच्या घशाखाली उतरेना.

"शंभर? इतकं नाई, भाऊ. थकली हाय जराशी."

"कोठी थकली? आजून साऱ्या जगाले पुरून उरते!"

"पह्यलासारखं नाई होत आता तिच्यानं."

"होते!"

"नाई होत म्हणतो ना! म्या जवळून पाह्यली हाय तिले!"

"गुरुजी," दौलतरावांनी हळूच विचारलं, "हे दोघं अमेरिकेचे कोण लागतात?"

"कोणीच नाई. कोट शिवून राह्यले."

एकाएकी तय्यबभाई बोलता बोलता थांबले. त्यांनी देवमनरावांकडे पाहिलं, मग आतल्या पडद्याकडे. देवमनराव घाईघाईनं छताचा पंखा पाहू लागले. ज्याला खोटं बोलता येत नाही, त्याला खोटं गप्प बसताही येत नाही.

पडदा हलला आणि सरवरीभाभी कोट घेऊन बाहेर आल्या. बावीस वर्षांत त्या गिऱ्हाइकांसमोर दुकानात आल्या नव्हत्या. त्यांनी कोट संघदीपच्या अंगावर चढवला. दोन्ही बाह्या मनगटावर बरोब्बर थांबल्या. दौलतरावांनी पुढून पाहिलं, मागून पाहिलं, खांदा चोळून पाहिला.

"वा! काय बाही बसली हो! कोणी शिवला?"

देवमनरावांनी आयुष्यातलं तिसरं खोटं बोलायला तोंड उघडलं, "आपल्या तय्यब..."

"सरवरीनं," तय्यबभाई मध्येच म्हणाले. मान ताठ होती. "कापला म्या, शिवला हिनं. दोन वर्षं झाले, साऱ्या गिऱ्हाइकायचं हेच शिवून राह्यली."

गुरुजींनी खाली आपल्या पायजम्याकडे पाहिलं. "म्हणजे माहा पायजमाबी?"

"तोबी."

"म्हून! दोन वर्षांत एकदाबी उसवला नाई."

सगळ्यांत आधी तय्यबभाईच हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मग बाकीच्यांनी हसून घेतलं.

दौलतरावांनी पिशवीतून एक पांढरं कापड आणि मापाचा झंपर काढला. "पोरीच्या लग्नातल्या झंपराचं एकानं वाटोयं केलं. तिघं नाई म्हणून बसले. उद्या सांजच्यापर्यंत होईन का?" हे विचारताना ते तय्यबभाईंकडे पाहत नव्हते.

"होईन," सरवरीभाभी म्हणाल्या. त्या दुकानातल्या यंत्रावर बसल्या. तिथली चिंधी काढून त्यांनी टोपलीत टाकली. "पन काम चालू हाय तवरोक हे दोघं बाहीर बसतीन. इथी अमेरिका नाई, चीन नाई, पेपर नाई."

दोघं मुकाट्यानं बाहेर ओट्यावर येऊन बसले.

"देवमनभाऊ, खरं सांगा," तय्यबभाई म्हणाले. "मागून येनारा चांगला निंगाला, का आधीच्याले लोक इसरतात का?"

"अमेरिकेचं म्हणता?"

"हो. अमेरिकेचंच."

देवमनराव विचारात पडले. खरं काय ते त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि खोटं बोलायचं नव्हतं. तेवढ्यात आतून सरवरीभाभींची हाक आली.

"अवो, या ना इकडं! गया कापाचा हाय झंपराचा. मी नाई लावत कात्री, तुमीच कापा."

तय्यबभाई तटकन उठले. "पाह्यलं? म्हटलं होतं ना, अमेरिकेबिगर पान हालत नाई!" आणि चपला ओट्यावरच सोडून ते आत गेले.

देवमनरावांना यावर बिनतोड उत्तर सुचलं होतं. ते द्यायला ते उंबऱ्यापर्यंत गेलेही. पण यंत्रावरून सरवरीभाभींनी नुसती मान वर केली, आणि देवमनराव परत येऊन ओट्यावर बसले.