चमचाभर विरजणाची शाश्वत प्रणाली

चमचाभर विरजण उसने दिले की सखुबाईंना काय सुटे, ते आधी पाहू. यजमानांचे नाव कोरलेल्या स्टीलच्या वाटीत चमचाभर दही जाई. तीच वाटी परत येताना भरलेली असे: कधी मेथीची भाजी, कधी लसणाची चटणी, दिवाळीत अनारसे. उसनी वाटी रिकामी परत करायची नाही, हा नियम कुठल्याही उपविधीत नसल्यामुळे सगळे तो पाळतात. शिवाय वाटीबरोबर बातमी येई. पाथर्डी फाट्याजवळच्या त्या सोसायटीत कोणाचे जमले, कोणाचे फिसकटले आणि कोणाची सासू राहायला येऊन जायचे नाव घेत नाही, हे तळमजल्यावर घरबसल्या कळे. यजमान गेल्यापासून सखुबाई एकट्या होत्या, पण दार दिवसातून चारदा वाजे. याला त्या परोपकार म्हणत. हिशेब पाहता तो धंदा होता, आणि नफ्यात होता.

विरजणही साधे नव्हते. लग्नानंतर पिंपळगाव बसवंतहून आईने डब्यात बांधून दिलेले, रोज लावून रोज जिवंत ठेवलेले. आता माहेरचे म्हणावे असे तेवढेच उरले होते.

अशा सुरळीत परिस्थितीत चौथ्या मजल्यावरचा रविराज कंपनीच्या खर्चाने एक कार्यशाळा करून आला. विषय: ग्राहकाच्या गरजेभोवती शाश्वत वस्तू-सेवा प्रणालीची रचना. परतल्यापासून त्याला जिकडेतिकडे गरजा दिसू लागल्या. एक पथदर्शी प्रकल्प दाखवला की बढती होती. त्याने सोसायटीची सभा बोलावली.

"मुळात ग्राहकाला वाटी नको असते," तो म्हणाला. "त्याला दहीसुद्धा नको असतं. त्याला दही लागल्याचं समाधान हवं असतं."

"आणि कढी करायची असेल तर?" तिसऱ्या मजल्यावरच्या मनीषाने विचारले.

"कढी दुसऱ्या टप्प्यात."

रीतसर सर्वेक्षण झाले. 'दही न लागल्यास आपणास कसे वाटते?' या प्रश्नाला बहुतेकांनी 'सांगता येत नाही' असे उत्तर दिले. त्यावरून गरज सुप्त असल्याचे सिद्ध झाले. लॉबीत फ्रीज आला, क्रमांक टाकलेल्या वाट्या आल्या, ॲप आले; त्यावर मागणी टाकली की वॉचमन लिफ्टने वाटी दाराशी ठेवून जाई. सखुबाईंची 'मूळ पुरवठादार' म्हणून नोंद झाली. त्यांनी कौतुकाने पातेलीभर विरजण दिले आणि मिळालेले प्रमाणपत्र यजमानांच्या फोटोशेजारी लावले.

वाटी स्वच्छ आणि रिकामी परत करावी, असा नियम होता. मनीषाने सवयीने गाजरहलवा घालून परत केली, तर ॲपने 'वाटीत बाह्य पदार्थ आढळला' असे नोंदवून तिचे गुण कापले. गाजरहलवा घरच्यांनीच संपवला. पुढे कोणी चूक केली नाही.

रिकाम्या वाट्या निर्जंतुक करायच्या म्हणून गरम पाणी आले. पाणी पुरेना म्हणून टँकर आला. मासिक अहवालात टँकर 'स्वच्छता' या सदरात गेला, आणि जिना उतरावा लागत नसल्याने रहिवाशांच्या चपलांची झीज वाचली, ती 'पर्यावरण' या सदरात आली.

एका उन्हाळ्यात सखुबाई बहिणीकडे देवळाली कॅम्पला गेल्या. नेमकी तेव्हाच सोसायटीची वीज दीड दिवस गेली. लॉबीतले विरजण नासले. सखुबाईंच्या फ्रीजमधलेही नासले. रविराजने तातडीने डेअरीचे दही मागवले, प्लास्टिकच्या कपांत. कप फेकण्याआधी धुऊन घेत, त्यामुळे ते पुनर्वापरात धरले गेले.

सखुबाई परतल्या आणि मनीषाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"मनीषा, माझं इरजण गेलं गं. तुझ्याकडं हाय ना माझ्यातलं? चमचाभर दे."

"अहो काकू, आता घरी कोण लावतंय? ॲपवर टाका ना. दारात कप येतो."

"पिंपळगावचं येतं का?"

मनीषाने फोनमध्ये पाहिले. तसा पर्याय नव्हता.

सखुबाईंनी सगळे मजले पालथे घातले. दारे उघडली, सगळ्यांनी 'बसा ना काकू' म्हटले, विरजण कुठेच नव्हते. शेवटी त्यांनी नातवाने शिकवल्याप्रमाणे ॲप उघडले. उत्तर आले: 'आपण पुरवठादार आहात. पुरवठादारास ग्राहक होता येत नाही.'

रविराज स्वतः खाली आला. त्याला मनापासून वाईट वाटले. त्याने तशी नोंदही केली.

"काकू, तुमची खरी गरज विरजण नाहीच. एकटेपणा आहे. आपण प्रीमियम योजना काढतोय. दारावर माणूस येणार, हातात वाटी देणार, दोन मिनिटं बोलणार."

"काय बोलणार?"

"कसं चाललंय, विचारणार."

"आन मी सांगाया बसले तर?"

"सांगा की. दोन मिनिटं आहेत."

"आन वाटीत काय आसंल?"

"वाटी रिकामी. नियम आहे ना."

सखुबाईंनी त्याला चहा दिला. विरजण नसले तरी चहा होतो.

हिशेब असा मिटला. रविराजला बढती मिळाली. सोसायटीला 'हरित' फलक मिळाला, तो फ्रीजच्या वर लावला आहे. डेअरीला इमारतभर गिऱ्हाईक मिळाले. पिंपळगावचे विरजण खर्ची पडले, ते सखुबाईंच्या नावे. त्यांच्या जुन्या वाट्याही गेल्या. प्रणाली सुरू झाली त्या दिवशी ज्या ज्या घरात होत्या तिथेच त्या राहिल्या. रिकामी द्यायची लाज वाटते आणि भरून द्यायला वेळ होत नाही.

हसताय? जरा उठा, स्वयंपाकघरात जा आणि भांड्यांच्या मांडणीत अगदी मागे हात घाला. स्टीलची एक वाटी लागेल. तिच्यावर नाव कोरलेले असेल, आणि ते तुमच्या घरातल्या कोणाचेच नसेल.